टबचा जॉइंट गळून राह्यला अन् दोन इंची एल्बो ढिला बसतो

प्रश्न : भाऊ, मोहर्ली गेटपासून थोडं अलीकडे आमचं होमस्टे आहे, पाच खोल्यांचं. मागच्या वर्षी नागपूरहून एक जुना स्पा टब घेतला, ज्याला सगळे जकुझीच म्हणतात, सहा माणसं बसतील एवढा, आणि मागच्या अंगणात शेड टाकून बसवला. दिवाळीपासून त्याच्या खालचा जॉइंट गळून राह्यला. पंपातून पाईप वर निघतो तिथं एल्बो आहे, तिथून थेंब थेंब. रात्री खाली घमेलं ठेवते तर सकाळी अर्धं भरलेलं असते. गावातल्या प्लंबरनं दोनदा एमसील लावून दिलं, एकदा आठ दिवस टिकलं, दुसऱ्या वेळी तीनच दिवस. मग तो म्हणे एल्बोच बदलू, म्हणून चंद्रपूरहून दोन इंची एल्बो आणला तर तो पाईपवर ढिला बसतो, हातानं डुगडुगतो. प्लंबर म्हणतो सोल्युशन जास्त लावू, भरून निघते. लावू द्यावं का? नाताळची बुकिंगं आहेत आणि टब पाहूनच लोकं खोली घेतात. — एक ताई, ता. भद्रावती

उत्तर : ताई, लावू देऊ नका. तुमचं पत्र वाचलं आणि ढिल्या एल्बोच्या ओळीवरच थांबलो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे, बाकी गळती वगैरे नंतर पाहू.

आपल्याकडे दुकानात "दोन इंची द्या" म्हटलं की दुकानदार शेतीचा माल काढतो, त्याची काही चूक नाही, त्याच्याकडे रोज ज्याला मागणी आहे तेच तो देणार. पण शेतीच्या पाईपचा माप मिलिमीटरमध्ये असतो, बाहेरून ६३ मिमी, आणि त्यालाच आपण बोलताना दोन इंची म्हणतो. तुमच्या टबाला बहुतेक अमेरिकन मापाचा पाईप असणार, ज्याला शेड्युल ४० म्हणतात, तोही दोन इंचीच, पण बाहेरून ६०.३ मिमी. पावणेतीन मिमीचा फरक. वरून सीपीव्हीसीचा गरम पाण्याचा पाईप असतो, तोही दोन इंची म्हणूनच विकतात, तो बाहेरून ५४ मिमी. म्हणजे एकाच काउंटरवर तीन दोन इंची पडले आहेत आणि एकाचा एल्बो दुसऱ्याला चालत नाही. उलट काही टब युरोपच्या मापाचे असतात, त्यांना ५० आणि ६३ मिमी लागतो, तिथं शेतीच्या मापाचं फिटिंग बसूनही जाते. म्हणून अंदाज करायचा नाही, मोजायचं.

मोजायला व्हर्नियर नसला तरी घरी शिवणाचा टेप असतोच. पाईप कोरडा पुसा, टेप एकदा गोल गुंडाळा आणि घेर पाहा. १८.९ सेमी आला तर ६०.३ मिमीचा पाईप, १९.८ आला तर ६३ चा, आणि १७ आला तर सीपीव्हीसी. दीड इंचीत १५.२ सेमी आला तर इंची माप आणि १५.७ आला तर ५० मिमी. टेप तिरपा जाऊ देऊ नका, तिरपा गेला की घेर जास्त दिसतो. हा आकडा कागदावर लिहून, जमलं तर पाईपचा कापलेला तुकडाच हातात घेऊन दुकानात जा आणि सांगा की यूपीव्हीसी प्लंबिंगचं, शेड्युल ४० नाहीतर ८० चं फिटिंग पाहिजे. चाळीस आणि ऐंशीचा बाहेरचा व्यास एकच असतो, जाडी तेवढी वेगळी, त्यामुळे दोन्ही चालते. सांडपाण्याच्या पाईपचं फिटिंग मात्र घेऊ नका, ते प्रेशरसाठी बनलेलंच नसते.

आता सोल्युशन जास्त लावण्याबद्दल. लोकं त्याला डिंक समजतात, तो डिंक नाही. त्यातलं रसायन पाईपचा आणि फिटिंगचा वरचा थर विरघळवते, दोन्ही मऊ होतात, दाबून बसवले की एकमेकांत मिसळतात, रसायन उडून जाते आणि मागे एकच प्लास्टिक उरते. चिकटत नाही, एकजीव होते. त्यासाठी दोन्ही भिंती एकमेकींना घासून बसायला पाहिजेत. मध्ये फट असली तर फटीत नुसतं सोल्युशन साचते, ते वरून वाळते, आतून मऊ राहते, आणि रसायन उडाल्यावर आकसते. मी हे सांगून राहिलो कारण मी हे करून बसलो आहे. चिखलदऱ्याकडे एका ठिकाणी घाईत ६३ चा कपलर, म्हणजे दोन पाईप सरळ जोडायचा तुकडा, ६० च्या पाईपवर भरपूर सोल्युशन लावून बसवला होता, आठवडाभर थेंब नाही, आणि मग पंप चालू असताना पाईप सरळ बाहेर आला आणि टब अर्धा खाली झाला. आत लहान लेकरं बसली होती. कोणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून खिशात टेप असतो.

एमसील का टिकलं नाही तेही याच्यातच आलं. पाणी आतून ढकलते आणि तुम्ही बाहेरून लिंपता. टबातलं पाणी पंपाच्या वर असते, म्हणून पंप बंद असला तरी त्याचं वजन जॉइंटवर राहतेच, तुमचं घमेलं रात्री भरते ते यामुळेच. पाईप पूर्ण कोरडा नसतो, प्लास्टिक गुळगुळीत, त्यात पाणी ३८-४० डिग्री गरम आणि पंपाची थरथर, मग एमसीलची कड सुटते. टाकीला, लोखंडाला ते चांगलं काम देते, त्याच्या जागी ते बरोबर आहे. या जॉइंटला नाही.

कापायच्या आधी एक दिवस द्या आणि खरंच एल्बोच गळते का ते बघा. पाणी पाईपच्या अंगानं सरकत जाऊन सगळ्यात खालच्या जागी टपकते, त्यामुळे टपकते तिथं आणि फुटलं असते दुसरीकडे. एमसीबी बंद करा, सगळं कपड्यानं कोरडं करा, एल्बोच्या दोन्ही तोंडांना, पंपाच्या युनियनला (नट फिरवून सोडता येतो तो जोड) आणि मोटर अन् पंपाच्या मधल्या फटीत वेगवेगळे टिश्यू पेपर गुंडाळा, अर्ध्या तासानं पाहा पहिला कोणता भिजला. मग पंप सुरू करून परत तसंच, हात न लावता. मोटर आणि पंपाच्या मधून ओल आली तर तो पंपाचा सील गेला आहे, पाईपचा काही संबंध नाही, उगाच एल्बो कापाल. युनियन भिजली तर पाईप कापायची गरजच नाही, आत एक रबराची गोल रिंग असते तेवढी बदला. आणि पंप चालू असताना थेंब बंद होतो पण जेटमधून बारीक बुडबुडे येतात, हवेचे नॉब बंद असूनही येतात, असं असलं तर गळती ओढणाऱ्या बाजूला आहे, तिथून पाणी न येता हवा आत जाते.

युनियनबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडचे सगळे चांगले प्लंबर इथंच चुकतात. जीआय पाईपला सफेदा आणि सूत लावायची सवय हाताला असते, म्हणून युनियनच्या आट्यांवरही टेफ्लॉन टेप गुंडाळतात आणि मोठ्या पान्यानं आवळतात. युनियनच्या आट्या पाणी अडवतच नाहीत, पाणी अडवते ती रिंग, आट्या फक्त दोन तोंडं जवळ धरून ठेवतात. टेप लावला तर नट वाकडा बसतो, आणि पान्यानं आवळलं तर प्लास्टिकच्या नटाला केसाएवढी चीर जाते, जी त्या दिवशी दिसत नाही, महिन्यानं दिसते. हातानं घट्ट, बस्स. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, त्यानं ते रबर फुगते.

एल्बोच निघाला तर काम मंगळवारचं ठरवा. ताडोबा मंगळवारी बंद असते, तुमच्याकडे गर्दी कमी राहील. टबात क्लोरीन टाकणं दोन दिवस आधीपासून थांबवा आणि झाकण उघडं ठेवा, म्हणजे ते पाणी झाडांना देता येईल, हजार-दीड हजार लिटर पाणी नालीत सोडायचं जिवावर येते. सोमवारी रात्री टब खाली करा. पंपाला दोन्ही बाजूला व्हॉल्व्ह असले तर ते बंद करून टब न उपसताही होते, पण जुने व्हॉल्व्ह बहुतेक पूर्ण बसत नाहीत, आणि एक थेंब जरी येत राहिला तरी जॉइंट वाया जातो. एमसीबी पाडा आणि तिथं कोणी तरी उभं करा नाहीतर चिठ्ठी चिकटवा, होमस्टेत कोणीही येऊन बटन दाबते.

प्लंबरनं एल्बो कापला की तो फेकू देऊ नका, हॅक्सॉ ब्लेडनं उभा दोन फाकी करून बघा. माझ्या बाकावर असाच एक पडला आहे. सगळीकडे पाईप आणि एल्बोची कड ओळखू येत नाही इतकं एक झालं आहे, पण खालच्या अंगाला अंगठ्याच्या नखाएवढी जागा चकचकीत आहे, नव्या पाईपसारखी, तिथं सोल्युशन पोचलंच नव्हतं. आणि त्या चकचकीत जागेतून बाहेरपर्यंत क्षाराची एक पांढरी रेघ आली आहे, दोऱ्याएवढी. एवढ्या रेघेतून घमेलं भरते.

आता नवीन बसवताना. पाईप सरळ काटकोनात कापायचा, तिरपा कापला तर एका अंगाला कमी आत जातो. कापल्यावर जो कचरा, धागे राहतात ते कानसनं आतून-बाहेरून काढायचे आणि बाहेरची धार थोडी तासायची, नाहीतर ती धार आत जाताना सोल्युशन खरवडून पुढे ढकलते, ती चकचकीत जागा अशीच होते. मग कोरडंच बसवून पाहा, सोल्युशन न लावता हातानं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत जाऊन अडकलं पाहिजे. पूर्ण आरामात गेलं तर माप चुकलं. किती आत जायला पाहिजे ती खूण पेननं पाईपवर करा, आणि एल्बोचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचीही आडवी रेघ मारा, कारण सोल्युशन लावल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. प्रायमर मिळालं तर आधी ते लावा. मग एल्बोच्या आत पातळ हात, पाईपवर जाड आणि पूर्ण गोल हात, लगेच आत ढकलायचं आणि ढकलतानाच पाव फेरा फिरवायचा, म्हणजे कुठं कोरडं राहिलं असेल तिथं ते पसरते. आणि मग सोडायचं नाही! तीस सेकंद दाबून धरायचं, कारण एल्बोचं भोक आत निमुळतं असते, ते पाईपला हळूच बाहेर ढकलते, सोडला की खुणेपासून चार-पाच मिमी मागे आलेला दिसतो. तोंडाशी सोल्युशनची पूर्ण गोल माळ निघाली तर समजा बराबर बसलं, ती कपड्यानं पुसून टाका.

सोल्युशनचा डबा नवीन घ्या, शंभर-दोनशे रुपये वाचवायच्या नादात अर्धा वापरलेला जुना काढू नका. काडीनं उचलल्यावर जेलीसारखं लोंबलं तर ते गेलं, त्यात थिनर घालून पातळ करून काही उपयोग नाही. थंडीत काम असल्यानं सकाळी सहाला सुरू करू नका, अकराला ऊन चढल्यावर करा, गारठ्यात ते मऊच करत नाही. (मे महिन्यात उलटं, चंद्रपूरच्या उन्हात ब्रश टेकायच्या आधी वाळते, तेव्हा पहाटे करायचं.) टबाखालच्या त्या बंद पेटीत वाफ साचते, ती पेट घेते आणि डोकंही गरगरवते, म्हणून चारही बाजूच्या फळ्या काढून ठेवा, बिडी-सिगारेट लांब, आणि हीटर-मोटर दुसऱ्या दिवशीपर्यंत बंदच. पूर्ण २४ तास पाणी भरायचं नाही. मंगळवारी दुपारी केलं तर बुधवारी दुपारी भरा, आधी पंप न लावता, फक्त पाणी, तासभर टिश्यू गुंडाळून बघा, मग पंप.

तुमच्या टबात अडचण अशी येईल की एल्बो आणि पंपाच्या मध्ये जागाच नसेल. असं असलं तर एल्बोच्या दोन्ही बाजूला थोडं अंतर सोडून कापा, नवा एल्बो, दोन नवे तुकडे, आणि ज्या बाजूचा पाईप हलत नाही तिथं कपलरऐवजी युनियन टाका, पुढच्या वेळी कापावं लागणार नाही. एल्बो पंपाच्या युनियनला अगदी चिकटूनच असला तर युनियनसकट बदला. जिथं फिटिंग टबाच्या अंगातच आहे, ते बदलता येत नाही, तिथं आतला पाईप ब्लेडनं उभा चिरून पट्ट्या करायच्या, फिटिंगला ब्लेड लागू न देता, हॉट एअर गननं हळूच तापवून पेचकसानं एक-एक पट्टी सोलून काढायची. हे चिवट काम आहे, अर्धा दिवस जाते, घाई करणाऱ्या माणसाला देऊ नका.

आणि जॉइंट गेला काहून, ते बघा. पंप खाली बोल्टनं आवळलेला आहे का? नसला तर सुरू होताना उडी मारतो आणि ती सगळी उडी त्या एल्बोवर जाते. पाईपला खाली टेका आहे का? आणि टबातलं पाणी कमी असताना कधी पंप चालला का? टायमरवर असला तर कोणाला कळतही नाही, पंप कोरडा फिरतो, आतलं थोडंसं पाणी उकळायला येते, जवळचं प्लास्टिक मऊ होऊन आकसते. साठ डिग्रीच्या वर हा पाईप काही कामाचा नाही. पाहुणे गेल्यावर रोज पाण्याची पातळी पाहायची सवय पोराला लावा. ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी पेटी, बसवलेली नसेल तर तीस मिलिअँपची आधी ती बसवा, मग पाहुणे बसवा. गळका जॉइंट, वीज आणि ओली माणसं एका जागी आहेत, मला त्याचीच भीती जास्त वाटते.

प्रश्न : भाऊ, आमी संत्र्याच्या बगीच्यात पाईपाचं टोक पऱ्हाट्याच्या जाळावर तापवतो अन् दुसरा पाईप त्यात ठोकून देतो. दहा-दहा वर्सं काई होत नाई. मंग टबाले हेच काहून करू नये? — वरूड तालुक्यातून

उत्तर : दादा, वरूड-मोर्शीकडे मी पण असे शेकडो तापवले आहेत, आणि शेतात ते चालते हे खरं. पण तो पाईप जमिनीत गाडलेला असतो, माती चारी बाजूनं त्याला धरून ठेवते, पाणी गार असते, आणि थोडं पाझरलं तर झाडाच्याच मुळाशी जाते, कोणाला कळत नाही. तापवून फुगवल्यावर भिंत पातळ होते, एका अंगानं जास्त कारण जाळ सारखा लागत नाही, आणि गरम पाणी रोज त्यातून फिरलं की तो भाग परत आपल्या मूळ आकारावर यायला पाहतो. टबाला माती धरायला नाही. तिथं फिटिंगच पाहिजे. आणि शेतातही जाळावर जरा करपलेला, काळा पडलेला भाग कापून टाकत जा, तो ठिसूळ झालेला असतो, आणि धुराकडे तोंड करू नका, पीव्हीसीचा धूर फुप्फुसाला वाईट आहे.

प्रश्न : आम्ही अकोल्याकडे खारपाण पट्ट्यात राहतो. बाबांच्या गुडघ्यांसाठी घरी छोटा गरम पाण्याचा टब घेतला आहे. युनियनभोवती पांढरं मिठासारखं जमते, पुसलं की दोन दिवसांनी परत. गळताना मात्र दिसत नाही.

उत्तर : गळून राह्यलं आहे, फक्त थेंब पडायच्या आत पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतो. तुमच्या पाण्यात क्षार एवढा की तोच तुम्हाला गळती दाखवतो, हे एका अर्थी बरंच आहे. वीज बंद करा, टब खाली करा, नट हातानं सोडा, रिंग काढा. रिंग बोटात दाबून पाहा, चपटी झाली असेल, टणक झाली असेल तर नवी घ्या. चांगली असेल तर ती बसते ती खाच आणि समोरचं सपाट तोंड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कपड्यानं पुसा, क्षार सुटतो. ब्लेडनं खरवडू नका, एक ओरखडा पडला की तिथून परत सुरू. सिलिकॉन ग्रीस, आणि हातानं घट्ट. टबात बोअरचं पाणी न भरता पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं थोडं मिसळून भरता आलं तर हीटरही जास्त दिवस टिकेल.

प्रश्न : सीपीव्हीसीचं पिवळं सोल्युशन घरी आहे, यूपीव्हीसीला लावलं तर चालेल का?

उत्तर : टबाला लावू नका. डब्यावर कोणत्या पाईपसाठी ते लिहिलेलं असते, त्याच पाईपला वापरा. प्रेशरचा जॉइंट आहे, हातचं आहे म्हणून ते लावायची ही जागा नाही.

प्रश्न (भद्रावतीच्या ताईंनीच नंतर विचारलेला) : मंगळवार चार दिवसांवर आहे आणि शनिवारी पाहुणे येऊन राह्यले. तोपर्यंत काही बांधून ठेवता येईल का?

उत्तर : सायकलची जुनी ट्यूब उभी कापून दोन बोटं रुंद पट्टी काढा, पाईप पुसून ताणून ताणून अर्ध्यावर अर्धी येईल अशी गुंडाळा, एल्बोच्या दोन्ही बाजूला वीतभर पुढेपर्यंत, आणि टोकांना स्टीलच्या क्लिपा आवळा. एल्बोच्या वळणावर ती नीट बसत नाही, थेंब कमी होईल, बंद होणार नाही. घमेलं राहू द्या. जेट शनिवारी चालवू नका, पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की टब या वेळी बंद आहे आणि भाड्यात तेवढे पैसे कमी करा.